नकाशात नाव दिसलं, म्हणजे टोकन द्यायचं का?

प्रश्न: आम्ही धायरीत राहतो. मुळशी तालुक्यात अर्धा एकर जमीन बघतोय. एजंटने मोबाइलवर महाभूनकाशा उघडला, गट नंबर टाकला, विकणाऱ्याचं नाव आलं. मागचा डोंगर सरकारी आहे आणि आपला गट प्रायव्हेट आहे म्हणाला. मिस्टर म्हणतात सरकारी साइट आहे, टोकन देऊन टाकू. देऊ का?

उत्तर: ताई, इतक्यात अजिबात देऊ नका. साइट खरी आहे, नाव पण खरंच असणार, पण त्या नकाशात दिसते ती अख्ख्या गटाची हद्द, विकणाऱ्याच्या हिश्श्याची नाही. त्याच गटावर क्लिक करून सगळी नावं वाचा, बऱ्याचदा भाऊ, चुलते, बहिणी अशी सात-आठ नावं निघतात आणि मग यातला रस्त्याकडचा तुकडा नक्की कोणाचा हे नकाशा सांगतच नाही. आमच्या मामांचं असंच झालं, त्यांना दाखवला रस्त्याकडचा तुकडा आणि मोजणीत हिस्सा निघाला ओढ्याकडे, आजही ते प्रकरण मिटलेलं नाही, म्हणून मला हे लिहिताना जीव तुटतो.

आता सातबारा काढा. डिजिटल सहीचा उतारा ऑनलाइन १५ रुपयात मिळतो. फुकटवाला फक्त बघण्यापुरता. त्यात आधी भोगवटादार वर्ग बघा. वर्ग २ असेल तर त्या जमिनीच्या विक्रीवर शासनाच्या अटी असतात, सहसा परवानगीशिवाय विकता येत नाही, नकाशात मात्र नाव खासगी माणसाचंच दिसतं. मग इतर हक्काचा रकाना वाचा, बोजा (म्हणजे जमिनीवरचं कर्ज), कूळ, वहिवाटीचा रस्ता, कोर्टाची केस यांची नोंद झाली असेल तर ती तिथे सापडते. आणि जुने फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदी काढा, ही जमीन या घरात आली कशी ते त्यावरूनच कळतं.

मागे डोंगर आहे म्हणता ना, तिथे मला जास्त काळजी वाटते. आपल्या पुण्यातल्या कोंढवा बुद्रुकचंच बघा, ११.८९ हेक्टर जमीन १८७९ साली राखीव वन म्हणून जाहीर झालेली, तरी १९९८ मध्ये शेतीसाठी वाटली गेली, पुढे हाउसिंग सोसायटीकडे गेली आणि १५ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाने ते वाटप बेकायदा ठरवून जमीन वन खात्याला परत द्यायला सांगितली. म्हणजे कागदावर खासगी नाव चढलं तरी खाली वन असू शकतं. गट नंबर घेऊन वन परिक्षेत्र कार्यालयात लेखी विचारा, हा हेलपाटा चुकवू नका.

सॅटेलाइट फोटोवर गटाची रेघ काढून दाखवणारी ॲप्स आहेत, ती जमीन शोधायला छान. पण ती रेघ जुन्या कागदी नकाशावरून आलेली, जागेवर काही मीटर सरकलेली असू शकते आणि अर्ध्या एकरात तेवढ्यात तुमची विहीर शेजाऱ्याकडे जाईल.

शेवटी विकणाऱ्याला सांगा, भूमी अभिलेखकडे सरकारी मोजणीचा अर्ज टाक, टोकन त्यानंतर. अर्ज त्यालाच करावा लागतो, लगतच्यांना नोटीस जाते. तो टाळाटाळ करायला लागला तर दुसरी जमीन बघा. मोजणीच्या दिवशी तुम्ही दोघं स्वतः बांधावर जा, आणि मोजणी नकाशाची ‘क’ प्रत हातात आली की वकिलाला दाखवा.