सुनेचे पूर्वज व्हर्जिनियात, शोध पुण्यातून
प्रश्न: आमची सून अमेरिकन, तिचं माहेरचं घराणं मूळचं व्हर्जिनियाचं. 1790 च्या आसपासचे पूर्वज पुण्यात बसून शोधता येतील का? – एक आजोबा, कोथरूड

उत्तर: येतील की आजोबा! 1850 आधीच्या जनगणनेत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव असायचं, त्यामुळे बायकामुलं सापडतात ती मृत्युपत्रात आणि जमिनीच्या खरेदीखतात. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या वेबसाइटवर काउंटीची (म्हणजे तिथल्या जिल्ह्याची) बरीच जुनी रजिस्टरं फुकट दिसतात. मला विचाराल तर खरेदीखतं नक्की वाचा, नवऱ्याने जमीन विकली की बायकोला तिचा हक्क सोडल्याचं सहसा वेगळं नोंदवावं लागायचं म्हणून तिचं नाव तिथे मिळतं, आणि साक्षीदार, शेजारी पण टिपून ठेवा, बरेचदा सासरमाहेरचेच निघतात. अजून मागे गेलात तर तारखा जपून, 1752 आधी तिथलं वर्ष 25 मार्चला सुरू व्हायचं.