तळघरातल्या हीटरचा पंखा ओरडतो, त्याचं काय करावं?

प्रश्न : तळघरातल्या खोलीत भिंतीत बसवलेला विजेचा हीटर आहे. सुरू केला की त्याचा पंखा पाच-दहा मिनिटं कुईं-कुईं करतो आणि मग आपोआप शांत होतो. पंखा बदलायची वेळ आली का?

उत्तर : इतक्यात नाही. गार असताना ओरडणारा आणि तापल्यावर गप्प होणारा पंखा म्हणजे बहुतेक वेळा कोरडं पडलेलं बुश, म्हणजे मोटरीचा दांडा (शाफ्ट) ज्यात फिरतो ती नळी. अशा हीटरच्या लहान मोटरीत सहसा बॉल बेअरिंग नसतं. कांशाचं सच्छिद्र बुश असतं आणि त्यात तेल मुरवलेलं असतं. सततच्या उष्णतेने ते तेल काही उडून जातं, काही घट्ट होतं. मोटर तापली की उरलंसुरलं तेल पातळ होऊन शाफ्टपर्यंत पोचतं, म्हणून आवाज थांबतो.

नुसतं बटण बंद करून काम सुरू करू नका. एमसीबी (बोर्डावरचा त्या लाइनचा स्विच) पाडा, तारांवर टेस्टर लावून खात्री करा आणि कॉइल पूर्ण गार होऊ द्या. मग जाळी काढून मऊ ब्रशने धूळ झाडा आणि व्हॅक्यूमने ओढून घ्या. आता पंखा बोटाने फिरवा. तो काही फेरे सहज फिरत राहिला पाहिजे. शाफ्ट धरून आडवा हलवून पाहा. बाजूला खडखड हलत असेल तर बुश झिजलंय. तेलाने थोडे दिवस निघतील, पण मोटर शोधायला लागा. शाफ्ट मागे-पुढे अर्धा मिलिमीटर सरकत असेल तर मात्र चिंता नको, तेवढी ढील ठेवलेलीच असते.

तेल एसएई २० ग्रेडचं, डिटर्जंट नसलेलं मोटर ऑइल घ्या. दोन्ही टोकांच्या बुशपाशी तीन-चार थेंब पुरतात. बुशभोवती नमद्याची चकती असेल तर थेंब तिच्यावर सोडा. हाताने पंखा फिरवत दहा मिनिटं तेल मुरू द्या आणि सांडलेलं पुसून काढा, कारण कॉइलवर पडलेला एक थेंबही धूर करतो. शिलाई मशीनचं तेल चालतं, पण ते पातळ असल्यामुळे लवकर संपतं. गंज सोडवायचा स्प्रे मारू नका. आवाज लगेच थांबतो खरा, पण उरलेलं तेलही त्यातल्या द्रावकाबरोबर धुऊन जातं आणि थोड्याच दिवसांत पंखा पहिल्यापेक्षा मोठ्याने ओरडतो. खाद्यतेल चिकट होऊन बसतं. ग्रीस बुशच्या छिद्रांत शिरत नाही.

प्रश्न : गरम पाण्यावर चालणाऱ्या हीटरचा ब्लोअर काढून साफ केला. तेव्हापासून तो धडधडतोय. आधी असं नव्हतं.

उत्तर : साफसफाईनंतर सुरू झालेली धडधड मोटरीची नसते, चाकाची असते. ब्लोअरच्या गोल चाकाला पुष्कळ बारीक वाकडी पाती असतात आणि त्यांच्या पोटात धुळीचा थर बसतो. अर्धी पाती स्वच्छ झाली आणि अर्ध्यांत थर राहिला तर चाक एका बाजूला जड होतं. तेव्हा पहिलं काम म्हणजे प्रत्येक पातं जुन्या टूथब्रशने आतून घासणं.

दुसरं, चाकाच्या एखाद्या पात्यावर पत्र्याची छोटी क्लिप असते. ती कचरा समजून बऱ्याचदा काढून टाकली जाते. चाकाचा तोल साधण्यासाठी कारखान्यात बसवलेलं ते वजन असतं. क्लिप हरवली असेल तर तशीच दुसरी घेऊन एकेका पात्यावर लावून पाहा. दर वेळी ब्लोअर क्षणभर चालवायचा आणि बंद करायचा. थरथर सर्वांत कमी झाली की ती जागा बरोबर. क्लिप हलवताना वीज बंदच हवी, हे वेगळं सांगायला नको.

तिसरं, चाक शाफ्टवर धरून ठेवणारा ग्रब स्क्रू. शाफ्टची एक बाजू सपाट असते आणि स्क्रूचं टोक नेमकं त्या सपाटीवर बसलं पाहिजे. गोल भागावर आवळला तर काही तासांत ढिला होतो आणि चाक ठक-ठक करू लागतं. चाक पुन्हा बसवताना ते तोंडाच्या कड्याला घासत नाही ना, हे हाताने पूर्ण फेरा देऊन पाहा. पुढच्या वेळी चाक काढण्याआधी शाफ्टवर मार्करने खूण करा, म्हणजे ते नेमकं तिथेच परत येईल. चाक गंजून अडकलं तर हातोडा मारू नका. शाफ्टचं उघडं टोक पॉलिश पेपरने घासा, गंज सोडवायचा स्प्रे मारून थांबा (त्या स्प्रेची खरी जागा इथे आहे) आणि पुलरने (चाक ओढून काढायच्या हत्याराने) ओढा. वाकलेल्या शाफ्टची धडधड कुठल्याच क्लिपने जात नाही.

प्रश्न : ओरडणं नाही, धडधड नाही, नुसती घूंऽऽ अशी गुणगुण आहे. वरच्या खोलीतही ऐकू येते.

उत्तर : पंखा चालू असताना हीटरच्या पत्र्यावर तळहात दाबा. आवाज पडला तर पत्रा थरथरतोय, मोटर निर्दोष. स्क्रू आवळा, पत्र्याच्या सांध्यांत सिलिकॉन रबराची पट्टी घाला. ते रबर २०० अंश सेल्सिअसच्या आसपास टिकतं. साधा फोम तिथे वितळतो. फरक पडला नाही तर मोटरीखालचे रबरी वॉशर पाहा. नखाने दाबले जात नसतील तर ते दगड झालेत आणि मोटरीची थरथर सरळ भिंतीत आणि तिथून वर जातेय. ५० हर्ट्झच्या विजेवर मोटर १०० हर्ट्झने गुणगुणतेच, ती भिंतीला पोचू न देणं एवढंच आपल्या हातात असतं.

वेग कमी केला की आवाज झपाट्याने उतरतो. वेग निम्मा झाला तर साधारण १५ डेसिबल कमी. गरम पाण्याच्या हीटरवर ही युक्ती बेलाशक वापरा, फक्त रेग्युलेटर त्या मोटरीला चालणारा हवा. दिव्याचा डिमर लावला तर गुणगुण उलट वाढते. विजेच्या कॉइलच्या हीटरला मात्र रेग्युलेटर लावू नका. हवा कमी झाली की कॉइल प्रमाणाबाहेर तापते आणि सुरक्षेचा थर्मल स्विच पुन्हा पुन्हा पडत राहतो.

प्रश्न : मोटरच बदलायची आहे. काय काय जुळवावं? कॉम्प्युटरचा पंखा शांत असतो, तो चालेल का?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी: नाही. तो प्लास्टिकचा असतो, कॉइलच्या धगीसाठी बनवलेला नसतो आणि अरुंद जाळ्यांतून हवा ढकलण्याइतका दाब त्याला सहसा जमत नाही.

जुन्या मोटरीवरच्या माहितीच्या पट्टीचा फोटो काढून ठेवा. व्होल्टेज, हर्ट्झ, वॅट किंवा अँपिअर, आरपीएम (मिनिटाला किती फेरे), इन्सुलेशनचा वर्ग, म्हणजे ते किती उष्णता सोसतं (बी म्हणजे १३० अंश सेल्सिअस, एफ म्हणजे १५५, एच म्हणजे १८०) हे सगळं तिच्यावर सापडतं. नवा वर्ग जुन्याइतका किंवा वरचा असावा. शाफ्टचा व्यास आणि लांबी, बोल्टच्या भोकांमधलं अंतर कॅलिपरने मोजा.

सर्वांत महागात पडणारी चूक आरपीएमची. १४०० च्या जागी २८०० ची मोटर बसवली तर हवा दुप्पट मिळेल असं वाटतं. पण तेच चाक दुप्पट वेगाने फिरवायला आठपट ताकद लागते. मोटर जळते, जळेपर्यंत कान किटतात. फिरण्याची दिशाही पाहा. पात्यांचा साधा पंखा उलटा फिरला तर हवा उलटी येते, ते लगेच कळतं. ब्लोअरचं चाक फसवतं. उलटं फिरलं तरी हवा त्याच तोंडातून येते, फक्त खूपच कमी, आणि दोष भलत्याच गोष्टीला दिला जातो.

मोटरीला कॅपॅसिटर (मोटर सुरू व्हायला मदत करणारा, वीज साठवणारा भाग) असेल तर तोही नवा घ्या. मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्टेज तेवढं किंवा जास्त. जुन्याला हात लावण्याआधी त्याच्या दोन टोकांमध्ये २० किलोओहमचा रेझिस्टर काही सेकंद धरून तो रिकामा करा. मोटर जागची न हलता नुसती गुणगुणत असेल आणि बोटाने ढकलल्यावर सुरू होत असेल, तर कधीकधी फक्त कॅपॅसिटर बदलून काम भागतं.

प्रश्न : हेच सगळं घर तापवणाऱ्या गॅसच्या भट्टीला लागू आहे का?

उत्तर : खोलीत हवा सोडणाऱ्या ब्लोअरला, हो. आवाज वाढला तर आधी फिल्टर पाहा. तो तुंबला की हवा फटींतून शिट्टी मारत शिरते. पण भट्टीत धूर बाहेर ढकलणारा दुसरा छोटा पंखाही असतो. त्याच्या सांध्यातून गळती झाली तर कार्बन मोनॉक्साइड घरात येतो आणि त्याला वास नसतो. तो पंखा खरखरत असेल तर भट्टी बंद ठेवून जाणकार गॅस तंत्रज्ञालाच बोलवा.