अनारसा हसला तर हसू दे

अगं घाबरू नकोस, पहिल्यांदा सगळ्यांचेच अनारसे हसतात, म्हणजे तळताना तुपात पसरून विरघळतात, माझा तर पहिला घाणा कढईत असा विरघळला की शेवटी झाऱ्याने चुरा गोळा करून दुधात घालून खाल्ला (छान लागतो बरं का). तांदूळ जुना घे, बासमती नको, 3 दिवस भिजव आणि पाणी रोज बदल नाहीतर वास मारतो, मग पंच्यावर सावलीत पसर आणि हाताला थोडा दमट लागतोय तोवरच मिक्सरला लाव, पूर्ण वाळवलास की खेळ खलास. पीठ बारीक चाळून वजनाला वजन किसलेला गूळ, चमचाभर तूप, घट्ट गोळे करून डब्यात 4-5 दिवस विसरून जा.

तळायच्या दिवशी आधी एकच टाकून बघ. हसला तर गूळ जास्त झालाय, थोडी तांदळाची पिठी मळ, कडक झाला तर जरासं पिकलं केळं. खसखशीवर थाप, खसखस वर ठेवूनच मंद आचेवर तुपात सोड, उलटायचा अजिबात नाही, झाऱ्याने वरून तूप उडवत राहा. काढलास की चाळणीत उभा कर, तूप निथळतं. आणि पाहुण्यांना आधीच सांगून ठेवू नकोस प्लीज!