आधी करंट, मग कोड

प्रिय दोस्त,

अनेक आशीर्वाद. मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एका चिपमधला छोटा संगणक, शिकायचं मनावर घेतलंस, फार बरं वाटलं. सुरुवात आर्डुइनो ऊनो आर३ या बोर्डावर कर. ईएसपी३२ हा दुसरा बोर्ड जास्त वेगवान आहे, वायफायही आहे, पण त्याच्या पिना ३.३ व्होल्टच्या. चुकून ५ व्होल्ट लागले तर पिन कायमची जाऊ शकते. ऊनो बऱ्याच चुका पोटात घालतो. सोबत ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता भाग जोडायची भोकांची पाटी), जंपर वायरी, थोडे एलईडी, दोन-चार पुशबटणं आणि २२० ओहम, १ किलोओहम, १० किलोओहमचे रेझिस्टर घे. सेन्सरचा मोठा संच राहू दे. मल्टिमीटर मात्र पहिल्या दिवसापासून हवा, कारण कोडमधल्या निदान काही चुका कंपायलर (कोड चिपच्या भाषेत बदलणारा प्रोग्रॅम) दाखवतो, वायरिंगमधली चूक दाखवणारं दुसरं कोणी नाही.

एलईडी लुकलुकला की लगेच पुढे पळू नकोस. लाल एलईडीवर साधारण २ व्होल्ट पडतात. ५ मधले उरलेले ३ व्होल्ट २२० ओहमने भाग: १३-१४ मिलिअँपिअर. ऊनोच्या एका पिनेतून २० मिलिअँपिअरपर्यंतच घ्यावेत. ४० ही शेवटची मर्यादा आहे, तिथवर जायचंच नाही. आता १ किलोओहम लावून बघ, ३ मिलिअँपिअरलाही एलईडी चांगला दिसतो. करंट मोजायला सर्किट तोडायची गरज नाही. रेझिस्टरच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज मोज आणि त्याला रेझिस्टन्सने भाग. मीटरची लाल वायर करंटच्या सॉकेटमध्ये असताना सप्लायच्या दोन टोकांना लावलीस, तर शॉर्ट होऊन मीटरचा फ्यूज उडू शकतो.

बटण जोडलं की पिन कधी शून्य, कधी एक असं मनाला येईल ते वाचते. बटण सुटलेलं असताना ती कशालाच जोडलेली नसते, म्हणून. कोडमध्ये 'इनपुट पुलअप' दे, म्हणजे चिपमधला रेझिस्टर पिनेला ५ व्होल्टकडे ओढून धरेल, आणि बटणाचं दुसरं टोक ग्राउंडला (सप्लायच्या मायनसला) जोड. मग दाबल्यावर शून्य मिळेल, हे लक्षात ठेव. एकदा दाबून तीनदा मोजलं गेलं, तर आतले धातूचे संपर्क काही मिलिसेकंद उडत असतात. पहिल्या बदलानंतर २० मिलिसेकंद दुर्लक्ष कर. हे 'डिले'ने नको, बोर्ड सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद सांगणाऱ्या 'मिलिस'ने कर. 'डिले' चालू असताना प्रोग्रॅम तिथेच थांबतो.

खरी परीक्षा मोटर आणि सर्व्होपाशी (सांगितलेल्या कोनात वळून थांबणारी मोटर). सर्व्हो हलायला गेला की बोर्ड रीसेट होतो, आणि सगळे कोड तपासत बसतात. सुरू होताना सर्व्हो काहीशे मिलिअँपिअर ओढतो, ५ व्होल्टची लाइन खाली येते, चिप पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. सर्व्होला वेगळा ५ व्होल्ट, २ अँपिअरचा सप्लाय दे. त्याच्याजवळ ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लाव, प्लस-मायनस नीट बघून. दोन्ही सप्लायची ग्राउंड मात्र एकमेकांना जोडलेली हवीत, नाहीतर सिग्नल कशाच्या तुलनेत मोजायचा हे सर्व्होला कळत नाही आणि तो थरथरतो.

छोटी डीसी मोटर पिनेला थेट कधीच नको. मधे मॉसफेट लाव, म्हणजे 'गेट' या पायावरच्या व्होल्टेजने चालू-बंद होणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, पण नंबर वाचून: आयआरएलझेड४४एन ५ व्होल्टवर नीट चालू होतो. आयआरएफझेड४४एन त्याच बांध्याचा, पण त्याला पूर्ण उघडायला गेटवर १० व्होल्टच्या आसपास लागतात. ५ वर तो अर्धवट चालू राहतो आणि तापतो. पिन आणि गेटमध्ये २२० ओहम, गेट ते ग्राउंड १० किलोओहम. मोटरच्या दोन टोकांवर १एन४००७ डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग), त्यावरची पट्टी प्लसकडे. करंट एकदम तोडला की मोटरची कॉइल उलट व्होल्टेजचा झटका देते, तो या डायोडमधून जिरतो. डायोड विसरलास तर मॉसफेट आज नाही तर उद्या जाईल.

बारीकसारीक: अपलोडच होत नसेल तर आधी यूएसबी केबल बदल, काही केबल फक्त चार्जिंगच्या असतात. सीरियल मॉनिटरवर (बोर्डाने पाठवलेला मजकूर दाखवणारी संगणकावरची खिडकी) कचरा अक्षरं आली तर कोडमधला आणि खिडकीतला बॉड रेट, म्हणजे मजकूर पाठवायचा वेग, जुळव. काही लांब ब्रेडबोर्डच्या सप्लायच्या पट्ट्या मधोमध तुटलेल्या असतात, म्हणून ५ व्होल्ट बोर्डापाशी नाही, सेन्सरच्या पिनेवर मोज.

कुठे अडलंस तर मला हातानं काढलेली सर्किटची आकृती, प्रत्येक पिनेवर मोजलेलं व्होल्टेज आणि दोष जिथे दिसतो तेवढाच छोटा कोड पाठव. पहिलं पत्र सर्व्होबद्दल असेल असं वाटतंय. लिहिण्याआधी ग्राउंड तपास.

तुझा हितचिंतक