पिवळा रुपया सापडलाय ना, मग आधी चुंबक आण

प्रिय बाळा,

तुझा मेसेज काल रात्री वाचला, फोटो झूम करकरून दोनदा बघितला. २००१ चा रुपया, आकड्याच्या दोन्ही बाजूला कणसं, आणि रंग पिवळाधमक. आनंद झालाय तुला हे कळतंय, आणि व्हायलाच पाहिजे, सुट्ट्या पैशात नेहमीपेक्षा वेगळं नाणं दिसलं की छातीत धडधडतं, माझं अजून होतं. पण कुणाला विकायचं, किती मिळतील हे सगळं बाजूला ठेव आणि आज फक्त एक काम कर, त्या नाण्याला फ्रिजवरचं चुंबक लाव.

का ते सांगतो. १९९२ पासून आपला रुपया स्टेनलेस स्टीलचा झाला, तुझ्या नाण्याच्या काळात २५ मिलिमीटर रुंद, वजन ४.८५ ग्रॅम. हे स्टील चुंबकाला चिकटतं. तुझं नाणं टचकन चिकटलं तर आत स्टीलच आहे आणि पिवळेपणा फक्त वरच्या कातडीचा, म्हणजे कुणीतरी त्याला मुलामा दिलाय, आणि हे आपल्याकडे सर्रास होतं, देव्हाऱ्यात ठेवायला, मुलाच्या बारशाला, लॉकेटमध्ये बसवायला लोक रुपयाला सोन्याचं पाणी देऊन घेतात. आणि नाही चिकटलं तर मग मात्र मलाही झोप येणार नाही, लगेच फोन कर.

आता आणखी एक विचार कर, हा माझ्या डोक्यात नेहमी पहिला येतो. चुकीच्या धातूवर ठसा बसलेलं नाणं खरंच असतं, त्याला चांगली किंमतही येते, पण ती चूक होते कशी? तर टांकसाळीत दुसऱ्या नाण्याच्या कोऱ्या चकत्या असतात, त्यातली एखादी चुकून या साच्याखाली जाते. म्हणजे तशी चकती त्या काळात टांकसाळीत असायला हवी ना! २००१ साली आपल्या चलनात स्टीलची नाणी होती आणि दोन-पाच रुपयांची तांबं-निकेलची पांढरी नाणी होती, पिवळं काही पाडलं जातच नव्हतं. पितळी रंगाचे पाच रुपये आले २००९ पासून. मग २००१ च्या रुपयाला पिवळी चकती कुठून मिळाली असेल, तूच सांग.

म्हणूनच मी सगळ्या नव्या पोरांना सांगतो की नाण्याचा रंग बघायच्या आधी त्या वर्षी त्या नाण्याचा रंग काय असायला हवा ते शोधा. ब्रिटिशांच्या काळातला कडेनं नक्षी असलेला एक आणा घे, १९४४ चा पिवळा दिसला की लोक उड्या मारतात, आणि त्यात विशेष काही नाही कारण युद्धात निकेल वाचवायचं होतं म्हणून १९४२ ते ४५ आणा पितळीच पाडला. उलट १९४४ चा पांढरा आणा समोर आला तर मी खुर्ची ओढून बसेन. तसंच १९४७ चा वाघ असलेला रुपया, चांदीचा समजून कुणी चुंबक लावतं, तो चिकटतो, आणि खोटा म्हणून टाकून देतात, अरे तो निकेलचाच आहे, निकेल चिकटणारच.

माझी चूक सांगतो म्हणजे तुला कळेल. पंचवीसेक वर्षांपूर्वी पुण्याच्या जुन्या बाजारात एका फेरीवाल्याकडे १९८५ चा रुपया दिसला, तांब्यासारखा लालसर. तो म्हणाला तांब्याचा एरर पीस आहे, म्हणजे टांकसाळीत चुकून पाडलेलं नाणं, मी खिशातले सगळे पैसे देऊन घेतला, घरी येताना बसमध्ये दहा वेळा बाहेर काढून बघितला असेल. नंतर ओळखीच्या सोनाराकडे काट्यावर ठेवला तर ५.७ ग्रॅम. असायला हवा ६. सोनारानं भिंग हातात दिलं आणि म्हणाला अक्षरं बघ. अक्षरांच्या कडा विरघळल्यासारख्या, मधला भाग खरबरीत, बारीक बारीक खड्डे. वर्षानुवर्षं ओल्या मातीत पडलेलं नाणं होतं ते. तो पांढरा दिसणारा रुपया मुळात तीन चतुर्थांश तांबंच असतो, एक भाग निकेल, पण रंग पांढरा येतो. माती नाहीतर आम्ल त्याला खायला लागलं की तांबं वर दिसायला लागतं. फेरीवाला खोटं बोलला की त्यालाही माहीत नव्हतं, मला आजपर्यंत कळलं नाही.

तर वजन दोन्हीकडनं बोलतं. खाल्लेलं नाणं हलकं भरतं. मुलामा दिलेलं नाणं वजनाला तसंच राहतं कारण तो थर इतका पातळ असतो की साध्या काट्याला कळतच नाही. आणि खरंच दुसऱ्या धातूचं असेल तर फरक ठळक येतो, तुझ्या रुपयाएवढ्याच जाडीची पितळी चकती साधारण ५.३ ग्रॅमच्या पुढे जायला हवी.

काटा ०.०१ ग्रॅमचा मिळाला (सोनाराकडे असतोच) तर अजून एक गंमत करता येते. काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून आकडा शून्य कर, नाणं बारीक दोऱ्यानं पाण्यात सोड, तळाला टेकू देऊ नकोस, जो आकडा येईल त्यानं नाण्याच्या कोरड्या वजनाला भाग. ७.७ च्या आसपास आलं तर स्टील, साडेआठच्या आसपास पितळ, नऊच्या जवळ तांबं-निकेल, साडेदहाला टेकलं तर चांदी. नाण्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे झटकून टाक नाहीतर उत्तर चुकतं.

आणि भिंग. दहापट दाखवणारं घे, स्वस्तात मिळतं. उन्हात खिडकीशी बस आणि सिंहांची नाकं, अंकाची वरची कड, नाण्याचा काठ बघ, जिथं बोटं घासतात ते सगळं. मुलामा तिथंच पहिला जातो, खालून पांढरं डोकावतं, आणि अक्षरांच्या खाचेत मात्र पिवळं दाट साचलेलं असतं. धातूच वेगळा असेल तर उंचावर आणि खाचेत रंग एकच दिसणार, कितीही झिजलेलं असो. तुझ्या फोटोत एकच्या आकड्याच्या डोक्यावर मला एक पांढरी रेघ दिसली, लाइटची चमक असेल कदाचित, म्हणून तेवढी जागा नीट बघ.

एक मात्र हात जोडून सांगतो, घासू नकोस. चिंच नको, लिंबू नको, भांड्यांची पावडर नको, कानस तर नकोच. आईनं देवाची भांडी घासताना त्यात टाकलं तर थांबव तिला. पुसायचंच असेल तर साध्या पाण्यात धुऊन सुती कापडावर ठेवून दे, चोळू पण नको.

आणि तो जो माणूस तुला पाच लाखाची ऑफर देतोय आणि आधी नोंदणीचे दीड हजार भर म्हणतोय त्याला ब्लॉक कर, आत्ता. जुनी नाणी-नोटा विकून देतो म्हणून रिझर्व्ह बँकेचं नाव वापरून कमिशन आणि टॅक्स उकळणारे इतके वाढले होते की ऑगस्ट २०२१ मध्ये बँकेनं स्वतः पत्रक काढून सांगितलं की आम्ही अशा व्यवहारात नाही आणि कुणाकडून पैसेही मागत नाही. वैष्णोदेवीचं चित्र असलेल्या नाण्यांचं पण असंच चाललंय, ती चलनात आलेली साधी नाणी आहेत. खरं एरर नाणं असेल तर घेणारा तुझ्याकडे आधी पैसे मागत नाही, तो आधी वजन विचारतो.

सुट्टीत नाशिकला मावशीकडे जाशील तेव्हा अंजनेरीला जाऊन ये, तिथं नाणेशास्त्राची संस्था आहे, संग्रहालय आहे, खऱ्या नाण्यांवर डोळा बसायला दुसरा उपाय नाही.

आता मला एवढं पाठव: चुंबकाला चिकटलं का, वजन किती, वर्षाच्या खाली टांकसाळीची खूण कुठली, चौकट आहे की चांदणी की ठिपका की काहीच नाही, आणि काठाचा एक फोटो, नाणं उभं धरून, फ्लॅश बंद करून.

तुझा,
काका