अँटीव्हायरसचं सबस्क्रिप्शन आपोआप रिन्यू होऊन पैसे कापले गेले. परत मिळतील का? आधी बँकेत जाऊ की कंपनीकडे?

मिळू शकतात. आधी कंपनीकडे जा. "आधी कार्ड ब्लॉक कर" असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. आमच्या घरात या सल्ल्यावरून अजून वाद होतो.

आईच्या लॅपटॉपवर अँटीव्हायरस होतं. पहिल्या वर्षी सवलतीत साडेपाचशेला मिळालेलं, रिन्यूअलला थेट अठ्ठावीसशे. पैसे कापायच्या आदल्या दिवशी तिला बँकेचा मेसेज आला. कंपनीचं नाव, रक्कम, तारीख, सगळं त्यात होतं. तिने तो आमच्या दाजींना दाखवला. दाजी म्हणाले, "आई, फ्रॉड आहे हा, डिलीट करा." दुसऱ्या दिवशी पैसे गेले, तर म्हणे कार्ड ब्लॉक करून टाका, विषय संपला.

विषय कसला संपतो? ब्लॉक केल्याने फार तर पुढच्या वर्षीची कपात टळेल, गेलेले पैसे कसे येतील? आणि तो मेसेज फ्रॉड नव्हता. कार्डवरून अशी आपोआप कपात होणार असेल तर बँकेने किमान 24 तास आधी कळवायचं, आणि ग्राहकाला नकार देता आला पाहिजे, हा रिझर्व्ह बँकेचा नियम ऑक्टोबर 2021 पासून लागू आहे. मेसेजमधल्या लिंकची भीती वाटते ना? मग लिंक दाबूच नका. बँकेचं ॲप स्वतः उघडून ई-मॅन्डेटमध्ये (म्हणजे आपोआप कपातीला दिलेल्या परवानग्यांच्या यादीत) बघा आणि तिथूनच रद्द करा.

मी कंपनीच्या चॅटवर बसलो. आधी निम्म्या किमतीची ऑफर आली, मग सहा महिने जादा. मी दरवेळी तेच वाक्य पेस्ट केलं: "सबस्क्रिप्शन रद्द करा आणि पूर्ण रक्कम मूळ कार्डवर परत करा." सोबत इनव्हॉइसवरचा ऑर्डर नंबर. नुसतं ऑटो-रिन्यूअल बंद केलं की पैसे येत नाहीत, रिफंड वेगळा मागावा लागतो. चॅटचे स्क्रीनशॉट ठेवले होते. रक्कम पूर्ण परत आली. दाजी अजून म्हणतात, एवढ्याशा रकमेसाठी कशाला डोकेफोड. आईच्या पेन्शनमधले पैसे होते ते, आणि पेन्शनीवर घर चालवणाऱ्या बाईला अठ्ठावीसशे म्हणजे महिन्याचा किराणा. "सोडून द्या" हा सल्ला ज्याचे पैसे गेले नाहीत त्यालाच सुचतो.

हो, एक राहिलं. रिफंडची मुदत कंपनीच्या अटींत दिलेली असते, ती आजच बघा. सबस्क्रिप्शन प्ले स्टोअरवरून घेतलं असेल तर गुगलकडे मागा, तेही 48 तासांच्या आत. आयफोनवरून घेतलं असेल तर ॲपलकडे. कंपनीने हात वर केले तर 1915 वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. बँकेने आधी कळवलंच नसेल तर बँकेकडे लेखी तक्रार करा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे जाता येतं.