विज्ञानकथेकडे वळणाऱ्या नव्या संशोधकास

तुमची कथा मी दोनदा वाचली. त्यातील विज्ञान चोख आहे. परंतु पात्रे केवळ माहिती देण्यासाठी बोलतात, आणि प्रयोगशाळेतून लेखनाकडे वळणाऱ्या आपणा बहुतेकांकडून सुरुवातीला ही चूक होतेच. महाबळेश्वरच्या उंचीवर पाणी ९५ अंशांच्या आसपास उकळते, हे वाक्य कोणाच्या तोंडी घालू नका. पातेले केव्हापासून खदखदत असूनही डाळीचा दाणा बोटांत दाबल्यावर टणकच लागतो आणि सासूबाई पुन्हा झाकण ठेवतात, एवढेच दाखवा. त्यामागचे कारण वाचक स्वतः शोधू लागेल, आणि सूत्र समजावण्यापेक्षा मला ते मोलाचे वाटते.

संशोधक म्हणून असलेल्या नावाचे दडपण वाटत असेल, तर जयंत नारळीकरांचे उदाहरण पाहा. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नीकडून लिहून घेऊन पाठवली, आणि तिला पहिले पारितोषिक मिळाले.

पुढचा खर्डा मला पाठवण्यापूर्वी घरात मोठ्याने वाचून दाखवा आणि ऐकणाऱ्याचे लक्ष जिथे उडेल तिथे समासात पेन्सिलीने खूण करा.